कोयत्याचे रील आणि आठवीची पोरं : पालकसभेत नेमकं काय सांगायचं?

केजचे_गुरुजी

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, आठवीचा वर्ग. दसरा-दिवाळी झाली की गावातले निम्मे कोयते (ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या) उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन साखर कारखान्यांवर जातात. लेकरं मागे आजी-आजोबांकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात, आणि हातात घरातला जुना स्मार्टफोन. यंदा काही पोरांनी खांद्यावर कोयता टाकून, मागे डायलॉग लावून रील टाकलेत. गावात एकच सूर : सिनेमा-मोबाइलनं पोरं बिघडली, फोन काढून घ्या आणि दोन रट्टे द्या. पडद्यावरच्या मारामारीनं पोरं खरंच हिंसक होतात का, आणि शाळेच्या पातळीवर काय करता येतं? उपदेश नको, करण्यासारखं सांगा.

मानसशास्त्र_संभाजीनगर

सर, 'पाहिलं म्हणून केलं' इतकं सरळ नातं संशोधनात सापडत नाही. 'काहीच फरक पडत नाही' हेही खरं नाही.

अल्बर्ट बांडुरा यांचा १९६१ चा बाहुलीचा प्रयोग सगळे सांगतात : ३ ते ६ वर्षांची ७२ मुलं, मोठ्या माणसानं फुगवलेल्या बाहुलीला बदडलं, मुलांनीही तसंच केलं. तुमच्या कामाचा मात्र १९६५ चा प्रयोग आहे. त्यात फिल्मचे तीन शेवट होते. एकात मारणाऱ्याला शाबासकी, दुसऱ्यात शिक्षा, तिसऱ्यात काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. मग सगळ्यांना सांगितलं, पाहिलंत ते करून दाखवा, स्टिकर आणि फळांचा रस मिळेल. तिन्ही गटांनी जवळपास सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिकले सगळेच होते. ते बाहेर काढायचं की नाही, हे बक्षिसावर ठरत होतं.

आता रील बघा. बक्षीस कुठं आहे? लाइकमध्ये, 'किंग' आणि 'भाऊ' अशा कमेंटमध्ये. वाढदिवसाला तलवारीनं केक कापणाऱ्याच्या फ्लेक्सवर गावातल्या प्रतिष्ठितांचे फोटो रांगेनं शुभेच्छा देत असतात, तेही पोरं सिनेमाइतक्याच बारकाईनं पाहतात. पालकसभेत हे बोलायला जड जाईल, पण बोला.

या प्रयोगांची मर्यादाही सांगा. बाहुली मार खाण्यासाठीच बनवलेली होती आणि परिणाम काही मिनिटांत मोजला होता. गेमबद्दल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २०२० मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली : आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी हिंसक गेमचा छोटा पण सातत्यानं दिसणारा संबंध आहे, गंभीर हिंसेचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. घरातली मारहाण, दारू, सुटलेली शाळा, टोळक्याची संगत आणि विचारायला मोठं माणूस नसणं, यांचं पारडं पडद्यापेक्षा जड असतं. तुमच्याकडं ऊसतोडीच्या हंगामात ही पाचवी गोष्ट घाऊक प्रमाणात होते, म्हणून नोव्हेंबर ते मार्च जास्त लक्ष द्या.

आणि एक परिणाम मोठ्यांवर होतो, त्याकडं कुणी बघत नाही. जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतला टीव्ही अभ्यासला. जास्त टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्याहून धोक्याचं वाटतं, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. या भीतीचं पुढं काय होतं, ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला दिसलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. तिथं ना गेम होता, ना रील.

वकील_अंबाजोगाई

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, पण घरगुती आणि शेतीकामासाठीची अवजारं त्यातून वगळली आहेत. तेव्हा ऊसतोड कामगाराच्या घरात कोयता असणं गुन्हा नाही. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) चा मनाई आदेश चालू असेल आणि कोयता चौकात मिरवला, तर कलम १३५ लागू शकतं. रीलमध्ये कुणाला उद्देशून धमकी असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१.

पोरगं १८ च्या आत असेल, तर पोलिसांनी त्याला कोठडीत टाकता येत नाही. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, बोलणं त्याच्याशीच करा. किरकोळ आणि गंभीर प्रकरणात साधारणपणे एफआयआर होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बाल न्याय मंडळाकडं जातो. एफआयआर होतो तो अतिगंभीर (किमान सात वर्षं शिक्षेच्या) गुन्ह्यात, किंवा सोबत प्रौढ आरोपी असेल तर. या दुसऱ्या अटीकडं लक्ष द्या, कारण रील शूट करणारा बहुतेकदा गावातलाच एखादा एकविशीतला 'दादा' असतो.

आणि रट्टे नकोत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं.

न्यूजडेस्क_लातूर

वर सिनेमा आणि गेम आले, बातम्या राहिल्या. तुमच्याच केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनाचे फोटो मार्च २०२५ मध्ये बाहेर आले आणि बघता बघता मोबाइलवर पसरले. कल्पित मारामारीपेक्षा असे खरे फोटो लहान लेकरांना जास्त त्रास देतात, कारण गाव ओळखीचं असतं. झोप उडणं, एकट्यानं बाहेर जायला घाबरणं, वर्गात त्या प्रसंगाचा खेळ करणं, ही लक्षणं बघा. महिनाभर टिकली तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

शाळेच्या ग्रुपवर मारहाणीचा व्हिडिओ आला, तर 'बघा काय चाललंय' म्हणूनही पुढं पाठवू नका. त्यातलं कुणी अल्पवयीन असेल, तर ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख-वेळ लिहून ठेवा, पोलिसांना कळवा आणि मग अॅडमिननं तो सगळ्यांसाठी डिलीट करावा. उलट क्रम केला तर हाती काही उरत नाही. रीलच्या बाबतीत नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, लिंक कॉपी करून ठेवा.

केजचे_गुरुजी

फार कामाचं मिळालं. ताई-दादांनो, दोन शंका. वसतिगृहात सगळ्या लेकरांत मिळून एक-दोनच फोन असतात, त्यात काय बंद करायचं? आणि वर्गात हा विषय काढला, तर पोरं आणखी चेकाळणार नाहीत ना?

समुपदेशक_परभणी

फोनचं आधी, ते सोपं आहे. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा'त जाऊन फोटो-व्हिडिओचं ऑटो-डाउनलोड बंद करा, आणि 'चॅट्स'मध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा. नाहीतर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ आपोआप गॅलरीत बसतो आणि फोन हातात घेणाऱ्या प्रत्येक लेकराला दिसतो. यूट्यूबवर रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा, जुनी वॉच हिस्टरी पुसा. हिस्टरी न पुसता नुसता मोड लावला, तर सुचवण्या बऱ्याचशा जुन्याच वळणाच्या येत राहतात. शाळेच्या ग्रुपवर फक्त अॅडमिनला मेसेज टाकता येईल असं ठेवा. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय, हे आजी-आजोबांनाही शिकवा.

वर्गात चेकाळतात, जर मास्तरांनी रील दाखवून 'हे वाईट' म्हटलं तर. पोरांचं रील वर्गात दाखवूच नका, ते त्यांचं बक्षीस ठरतं. एखाद्या जाहिरातीचा किंवा सिनेमाचा मारामारीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या. पहिल्यांदा आवाजासह लावा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. संगीत गेलं की निम्मा रुबाब जातो आणि पोरं स्वतःच हसतात. तिसऱ्यांदा त्यातले वेगवेगळे शॉट मोजायला लावा. ठोसा लागताना प्रत्यक्ष दिसतो का, की तिथंच कॅमेरा दुसरीकडं वळतो? मग गट पाडा आणि पडलेल्या माणसाचे पुढचे सहा महिने लिहायला सांगा : दवाखान्याचं बिल, बुडालेला हंगाम, फिटायची राहिलेली उचल, कोर्टाच्या तारखा. मारणाऱ्याच्या घरचेही लिहायला लावा. उचलीचा हिशेब या पोरांना आपल्यापेक्षा चांगला येतो, त्यामुळं आकडे खरे निघतात.

एका तासात उरकू नका, पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन तास घ्या. ज्यांनी रील टाकले त्यांना एकेकटं बोलवा, टोळक्यानं नको. टोळक्यात प्रत्येकाला बाकीच्यांसमोर ताठ राहावं लागतं. 'का टाकलं' असं न विचारता 'कुणी कमेंट केली' असं विचारा. वयानं मोठ्या, गावाबाहेरच्या एकाच माणसाचं नाव पुन्हा पुन्हा आलं, तर मामला रीलचा राहिलेला नाही. मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन लावा.