हल्ल्याच्या रात्री होम सर्व्हिसचा आवाज का बसायचा?
वर विचारलंय, दुसऱ्या महायुद्धात विमानहल्ल्याच्या वेळी बीबीसीचा आवाज एकदम बारीक व्हायचा तो वीज गेल्यामुळे का? नाही, ते मुद्दाम केलेलं असे. एकट्या प्रक्षेपकाच्या लहरींवरून जर्मन वैमानिकाला दिशा सापडते. म्हणून १ सप्टेंबर १९३९ पासून होम सर्व्हिस, म्हणजे बीबीसीची ब्रिटनमधल्या श्रोत्यांसाठीची रेडिओसेवा, ३९१ आणि ४४९ मीटर अशा दोनच तरंगलांबींवर, प्रत्येकीवर अनेक केंद्रांतून एकाच वेळी जाऊ लागली. फार हुशारीची योजना. विमानं जवळ आली की फायटर कमांडच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाच्या) हुकमानं तेवढंच केंद्र बंद; श्रोत्याला उरे तो दूरच्या केंद्राचा आवाज. खरा त्रास रात्रीचा: दोन केंद्रांच्या लहरी सारख्याच ताकदीनं पोचल्या की आवाज चढत-उतरत फाटायचा. फ्रेम एरियलचा, म्हणजे चौकटीवर तार गुंडाळलेल्या एरियलचा, रेडिओसंच असेल तर तो फिरवून त्यातलं एक केंद्र दाबता येई.