रिंग टेस्ट (दुधात ब्रुसेलाची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) निगेटिव्ह, पण गाय सातव्या महिन्यात गाभडली. ब्रुसेला (गर्भपात घडवणारा, माणसालाही लागणारा जंतू) धरायचा का?

प्रश्न (संकरित_गोठा): एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय सातव्या महिन्यात गाभडली, जारही (वार) अडकली. डेअरीने कॅनमधल्या एकत्र दुधाची रिंग टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. कालवडींना ब्रुसेलाची एस-१९ लस दिलेली आहे. धारा काढणाऱ्या गड्याला रोज संध्याकाळी ताप भरतो, कंबर धरते. आता कोणती तपासणी आधी करायची?

पशुवैद्यक_सांगली: त्या कॅनमध्ये गाभडलेल्या गायीचं दूध होतं का? ती आटलेली असेल, तर त्या टेस्टला तिच्याबद्दल काही सांगताच येत नाही. रक्त आजच घ्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या. गाभडल्यावर लगेच घेतलेल्या रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) पुरेशी नसू शकतात, त्यामुळे पहिला निगेटिव्ह ग्राह्य धरू नका. मानेच्या शिरेतून ५ मिली रक्त साध्या नळीत, गोठणविरोधक नको. नळी तिरकी ठेवा, हलवू नका. सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी) सुटलं की वेगळं करून बर्फावर पाठवा. लालसर सीरम बाद.

रोझ बेंगाल या सीरमच्या झटपट तपासणीत ३० मायक्रोलिटर सीरम, तितकंच अँटिजेन (मारलेल्या ब्रुसेलाचं रंगवलेलं द्रावण), चार मिनिटं हलवून लगेच वाचायचं. फ्रिजमधून काढलेलं अँटिजेन तसंच वापरलं तर गुठळी (पॉझिटिव्हची खूण) मंद येते. उशीर केला तर कडेला सुकलेला थरच दाणेदार दिसतो.

लस किती महिन्यांना टोचली ते फॉर्मवर लिहा. ती ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीलाच द्यायची असते. मोठ्या वयात दिली तर प्रतिपिंडं बराच काळ राहतात आणि निरोगी गाय पॉझिटिव्ह येते. पॉझिटिव्ह आली तर एलायझाने (प्रतिपिंडांची लॅबमधली दुसरी तपासणी) खात्री करा.

लॅब_टेक्निशियन: रिंग टेस्टचं बहुतेक वेळा दुधापाशीच बिघडतं. दूध ४ अंशांवर २४ तास ठेवून मग १ मिली दुधात ३० मायक्रोलिटर अँटिजेन, ३७ अंशांवर एक तास. वर साय निळी आणि खाली दूध पांढरं तर पॉझिटिव्ह. सगळं दूध निळसर, साय पांढरी, तर निगेटिव्ह. गोठवलेलं, तापवलेलं किंवा जोरात हलवलेलं दूध चालत नाही. चीक, दगडी (कासदाह) झालेल्या सडाचं आणि आटत्या गायीचं दूध खोटा पॉझिटिव्ह देतं. शेळीच्या दुधाला ही टेस्ट लावूच नका.

पडलेला गाभ टाकून दिला नसेल तर त्याच्या जठरातला द्रव निर्जंतुक सिरिंजने घ्या, सोबत फुप्फुस आणि जारेची एक गाठ. फॉर्मलिनमध्ये घातलं की जंतू वाढवता येत नाहीत. डब्यावर ‘ब्रुसेला संशय’ ठळक लिहा, लॅबमध्ये उघडणाऱ्यालाही हा जंतू लागतो. हातमोजे, मास्क, चष्मा घातल्याशिवाय जारेला हात लावू नका.

एमडी_मेडिसिन: गड्याला आजच दाखवा. गाय गाभडल्याचं आणि जार कोणी काढली ते डॉक्टरांना आपणहून सांगायला सांगा, नाहीतर टायफॉइडचेच उपचार चालू राहतात. रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू वाढवून पाहणं) अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यायचं. ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशनमध्ये (सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करून गुठळी पाहण्याची तपासणी) लक्षणांसोबत १:१६० किंवा जास्त टायटर (गुठळी दिसते ते सर्वांत पातळ प्रमाण) अर्थपूर्ण. सीरम पुरेसं पातळ केलं नाही तर प्रतिपिंडं भरपूर असूनही गुठळी होत नाही, म्हणून निगेटिव्ह आल्यास पुढचे डायल्यूशन केले होते का ते विचारा. उपचार सहसा डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन मिळून सहा आठवडे. ताप पहिल्या आठवड्यातच उतरला तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, आजार उलटतो. रिफाम्पिसिनआधी क्षयरोग नाही याची तपासणी हवी. घरचं दूध उकळूनच प्या.