‘लिहिलेलं’ आणि ‘वाट्याला आलेलं’: ग्रीक वीर नियतीच्या हातातली बाहुली होते का?

समुद्रपक्षी

ग्रीक पुराणकथांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तिथे सगळं नियतीनेच ठरवलेलं, माणसाच्या हातात काहीच नाही.’ मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते ‘इलियड’मधूनच, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या महाकाव्यातूनच सांगते.

सोळाव्या सर्गात देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा सार्पेडॉन, ट्रॉयच्या बाजूने लढणारा, हा ग्रीक वीर पॅट्रोक्लसच्या हातून मरणार असतो. झ्यूसचा जीव तुटतो. याला जिवंतच उचलून लिशियाला, त्याच्या मुलखात नेऊन ठेवू का, असं तो आपल्या बायकोला, हेराला विचारतो. हेरा ‘तुला ते जमायचं नाही’ म्हणत नाही. ती म्हणते, कर, पण आम्हा बाकीच्यांना ते पटणार नाही. मग प्रत्येक देव आपापलं पोर लढाईतून उचलून नेऊ पाहील. झ्यूस ऐकतो. मुलासाठी जमिनीवर रक्ताचे थेंब पाडतो आणि त्याला मरू देतो. हात बांधलेला देव असा प्रश्न विचारेलच कशाला?

माझा मुख्य मुद्दा शब्दाचा आहे. आपण ज्याला ‘नियती’ म्हणतो त्याला होमरचा शब्द आहे ‘मोइरा’, आणि त्याचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा. जेवणात ताटात पडणाऱ्या मांसाच्या वाट्यालाही हाच शब्द. पंधराव्या सर्गात पोसायडन चिडून सांगतो की आम्ही तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली: मला समुद्र, हेडीसला पाताळ, झ्यूसला आकाश, पृथ्वी आणि देवांचा डोंगर ऑलिंपस सामाईक. तेव्हा झ्यूसने आपल्या तिसऱ्या वाट्यात राहावं. इथेही शब्द ‘मोइरा’च. आपल्याकडे ‘नशिबात लिहिलं होतं’ म्हणतात आणि ‘वाट्याला आलं’ असंही म्हणतात. ग्रीकांचं म्हणणं दुसऱ्यात बसतं. वाट्याला शेवट येतो. त्या वाट्यात कसं वागायचं ते माणसाचं.

काळीशाई

शब्दाचं विवेचन आवडलं, पण निष्कर्षाशी असहमत. तुम्ही सोळाव्या सर्गावर थांबलात. बाविसाव्यात या.

ग्रीकांचा वीर अकिलीस ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या मागे लागलाय, दोघं ट्रॉयच्या तटाभोवती धावतायत. वाटेत दोन झरे आहेत, एक ऊन, एक बर्फासारखा गार, आणि शेजारी दगडी हौद. युद्धाआधी ट्रॉयच्या बायका-मुली तिथे कपडे धुवायच्या. चौथ्यांदा ते त्या झऱ्यांपाशी येतात तेव्हा झ्यूस सोन्याचा तराजू उचलतो. एका पारड्यात अकिलीसचं मरण, दुसऱ्यात हेक्टरचं. हेक्टरचं पारडं खाली जातं आणि त्याच क्षणी त्याचा पाठीराखा देव अपोलो त्याला सोडून निघून जातो. मग ग्रीकांच्या बाजूची देवी अथीना त्याच्या भावाचं, डेइफोबसचं रूप घेऊन येते, ‘आपण दोघं मिळून लढू’ म्हणते. हेक्टर भाला फेकतो, तो ढालीवरून उडतो. दुसरा भाला मागायला तो वळतो, तर भाऊ नाहीच.

यात हेक्टरचा निर्णय कुठे आहे? त्याला फसवून मारलंय. आणि थीब्जचा राजपुत्र ईडिपस, त्याचं काय? तो बापाला मारेल, असं तो जन्मायच्या आधीच डेल्फीहून, अपोलोच्या देवळातून सांगितलं गेलं होतं. तीन दिवसांचाही नसताना घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकायला दिलं. या बाळाच्या ‘वाट्यात’ निवडीला जागा कुठे आहे ते दाखवा.

समुद्रपक्षी

हेक्टरबद्दल आधी. तो तटाबाहेर का उभा होता? आदल्या रात्री त्याच्याच साथीदाराने, पॉलिडॅमसने बजावलं होतं की अकिलीस पुन्हा लढाईत उतरलाय, सैन्य शहरात घ्या. हेक्टरने ऐकलं नाही. बाविसाव्या सर्गाच्या सुरुवातीला, दरवाजाबाहेर उभा असताना, तो स्वतःशी कबूल करतो की माझ्या दुराग्रहापायी मी लोकांना मातीत घातलं, आता कोणत्या तोंडाने आत जाऊ? आईवडील तटावरून रडून विनवतायत, तरी तो हलत नाही. तराजू त्यानंतर येतो. आणि तराजू वजन ठरवत नाही, दाखवतो.

फसवणूक कळल्यावर त्याचं बोलणं बघा. देवांनी मला मरणाकडे बोलावलंय, पण मी निमूट मरणार नाही. पुढच्या लोकांच्या कानावर जाईल असं काही करून मरेन. आणि तलवार उपसून तो धावतो. ही तलवार कुठल्याही देवाने उपसलेली नाही.

ईडिपसच्या बाबतीत तिठ्यावरचा प्रसंग घ्या. समोरून गाडी येते, रस्ता सोडायला सांगतात, धक्का देतात. हा गाडीवानाला मारतो, गाडीतला म्हातारा, म्हणजे त्याचा खरा बाप, दुहेरी टोकाचा पराणा याच्या डोक्यात घालतो, आणि हा काठीने म्हाताऱ्याला गाडीतून खाली लोळवतो. मग बाकीच्यांवरही तुटून पडतो. ‘तू बापाला मारशील’ हे ताजं ताजं ऐकून आलेल्या माणसाने बापाच्या वयाच्या अनोळखी माणसावर हात उगारला. तो राग त्याचा होता.

काळीशाई

थोडं मागे जा ना! तो परक्या आईबापांकडे वाढला त्या कॉरिंथमध्ये मेजवानीत एक दारू प्यालेला माणूस त्याला म्हणतो की तू या बापाचा नाहीस. ते मनाला लागतं म्हणून तो डेल्फीला जातो. विचारतो एक, माझे आईबाप कोण? अपोलो त्याचं उत्तरच देत नाही. वर सांगतो की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. म्हणून हा घरी परतत नाही. ज्यांना आईबाप समजतो त्यांना जपायला राज्य, घर, सगळं सोडतो. आणि तोच रस्ता त्याला त्या तिठ्यावर नेतो. त्याच्या चांगुलपणानेच त्याला तिथे पोचवलं, ही माझी तक्रार आहे. रागाचं म्हणाल, तर डोक्यात पराणा बसल्यावर कुणाचा हात उठणार नाही?

‘हे अपोलोने केलं, पण घाव घालणारा हात माझा’ हे त्याचं बोलणं नेहमी तुमच्या बाजूने वापरतात. तो हात सत्य कळल्यावर स्वतःचे डोळे फोडणारा आहे, बापाला मारणारा नाही. ज्याच्या नाटकातली ही गोष्ट आहे त्या सोफोक्लीजने अगदी उतारवयात कोलोनसच्या नाटकात म्हातारा ईडिपस पुन्हा उभा केला. (ते रंगमंचावर आलं इ. स. पूर्व ४०१ मध्ये, तो गेल्यानंतर.) तिथे ईडिपस स्पष्ट म्हणतो की माझी कृत्यं मी केली त्यापेक्षा सोसली जास्त. मी त्याचं ऐकेन.

दगडफूल

दोघांचंही वाचतोय. पण होमर आणि अथेन्सचे नाटककार एकाच मापाने मोजू नका, मध्ये काही शतकं आहेत. नाटककारांतही एकमत नाही. इ. स. पूर्व ४६७ च्या थीब्जवरच्या नाटकात एस्किलस सांगतो की अपोलोने ईडिपसच्या बापाला, लेयसला तीनदा बजावलं होतं, शहर वाचवायचं तर निपुत्रिक मर. त्याने ऐकलं नाही. म्हणजे तिथे बापाला निवड होती आणि मुलाने ती भोगली. सोफोक्लीजने ही अट काढून टाकली आणि नुसतं भाकीत ठेवलं. काळीशाई यांची तक्रार खरं तर सोफोक्लीजच्या ईडिपसबद्दल आहे, आणि तिथे ती मला बिनतोड वाटते.

सार्पेडॉनवरून आठवलं: निद्रा आणि मृत्यू हे दोघे भाऊ त्याचा देह उचलून नेतायत असं चित्र असलेलं, प्राचीन ग्रीक चित्रकार युफ्रोनियसने रंगवलेलं मातीचं मोठं भांडं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात होतं. २००८ मध्ये ते इटलीला परत गेलं. जखमांतून रक्ताच्या धारा सुटल्यात आणि मधोमध हर्मिस देव उभा आहे. फोटो जरूर बघा.

उंबरठा

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझा मोठा भाऊ चौतिसाव्या वर्षी गेला. पंधरा दिवस घरी येणारा प्रत्येक जण म्हणत होता, ‘एवढंच लिहून आणलं होतं त्याने.’ आईला त्याने धीर आला. मला तो शब्द सहन होत नव्हता. कुणी लिहिलं? का लिहिलं?

त्या वर्षी ‘इलियड’चा शेवटचा सर्ग वाचला. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या, अकिलीसच्या तंबूत येतो आणि ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्यांचं चुंबन घेतो. अकिलीस त्याला सांगतो, झ्यूसच्या दारात दोन रांजण आहेत, एक वाईटाचा, एक चांगल्याचा; कुणाला तो मिसळून देतो, कुणाला नुसतं वाईट. कारण सांगत नाही. हेक्टरने काय चूक केली, हेही काढत नाही. म्हणून समुद्रपक्षी, तुमचा ‘वाटा’ मला पटला, पण त्यातला हिशेब मला नको आहे. हेक्टरचा दुराग्रह खरा असेल, तरी प्रायमसमोर तो कुणी काढला नाही.

पुढे अकिलीस म्हणतो की बारा मुलं गमावलेल्या निओबीलाही शेवटी जेवणाची आठवण झाली. तो स्वतः उठून पांढरं मेंढरू कापतो. त्याचा साथीदार ऑटोमेडॉन टोपल्यांतून भाकरी आणून ठेवतो. मांसाचे वाटे मात्र अकिलीस आपल्या हाताने वाढतो, आणि प्रायम जेवतो.