पाकट चावतं, डसतं की काटा मारतं?

साकोलीकडचे गुरुजी
सहावीच्या वर्गात काल एका वाक्यावर गाडी अडली. समुद्राविषयीचा एक अनुवादित उतारा वाचून दाखवत होतो. त्यात होतं, ‘दंशमीन हा विषारी मासा असून किनाऱ्यावरील लोक तो आवडीने खातात.’ मागच्या बाकावरची पोरगी उठली, ‘विषारी आहे तं खातेत कसे जी?’ मी खडू शोधायचं निमित्त केलं. दंशमीन म्हणजे स्टिंगरे, एवढं चित्रावरून कळलं. पण याला मराठीत चालता बोलता शब्द नाही का? आणि तो करतो ते नेमकं काय? चावतो, डसतो की डंख मारतो? आमच्या तालुक्यात समुद्र कोणी पाहिला असेल तर मुंबईला जाऊन आलेल्यांनीच.

माहेर मालवण, सासर पवनी
गुरुजी, दंशमीन मागायला मासळीबाजारात गेलात तर कोळीण तुम्हालाच न्याहाळत बसेल. पाकट म्हणा. आमच्या मालवणात वागळी. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, ‘दिसते कशी?’ मी कोपऱ्यातलं सूप दाखवलं. ‘एवढी?’ म्हटलं, सुपाला आता शेपूट लावा आणि शेपटीला करवतीचा दात. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव शेपटीचं सूप!

विषारी म्हणाल, तर आम्ही लहानपणापासून खात आलोय. कालवण छान होतं. मासेमार काटा आधी तोडून टाकतात, मगच बाकीचं.

दर्यापूरचा
माझ्या गावाच्या नावात दर्या आहे आणि विहिरींचं पाणीही खारं (खारपाणपट्टा!), म्हणून बोलायचा हक्क मागतो. पाकट हा शब्द ‘पाख’वरून आला असावा का? पाख म्हणजे पंख, आणि घराच्या छपराची उतरती बाजूही पाखच. पंखासारखा पसरट तो पाकट.

साकोलीकडचे गुरुजी
गोड आहे, पण नुसता आवाज जुळला म्हणून नातं लावायची मला भीती वाटते. अशानं आमच्या तळ्यातला शिंगाडा आणि शिंगवाला मासा एकाच घरचे ठरतील. जुन्या कोशात कोणाला आधार सापडला तर टाका, तोवर ही कल्पना म्हणूनच राहू द्या. लिंगाचं काय? तो, ती की ते?

माहेर मालवण, सासर पवनी
वागळी ‘ती’. पाकट मी ‘ते’ असंच ऐकलंय, अनेक असली तर पाकटं.

नवेगावबांधचे भाऊ
आमी तलावावरचे ढिवर. समुद्र नाई पाहिला, पण मांगूर जाळ्यातून काढताना हाताला लागला म्हणजे काय होते ते मले विचारा. रात्रभर ठणका. त्याले आमी ‘चावला’ नाई म्हणत जी. ‘काटा मारला’ म्हणतो. चावाले तोंड लागते. त्याचा काटा त पराला राहते.

साकोलीकडचे गुरुजी
भाऊंचा मुद्दा पक्का. पण मग विंचवाचं काय करायचं? विंचू शेपटीनं मारतो, तोंडानं नाही, तरी आपण सगळे सर्रास म्हणतो, ‘विंचू चावला.’ आणि साप खरोखर दातांनी चावतो, तेव्हा जुनी माणसं चावण्याचं नावच घेत नाहीत. ‘पान लागलं’ म्हणतात. रात्री साप हा शब्दही उच्चारायचा नाही, दोरी म्हणायचं. म्हणजे मराठी क्रियापद दात आणि नांगी बघून ठरत नाही, धाक बघून ठरतं.

अर्जुनीची, प्राणिशास्त्र शिकवते
सर, यात एक गंमत आहे. पाकटाच्या शेपटीवरचा काटा ज्या पदार्थाचा असतो तो दाताच्याच जातीचा. शार्क आणि पाकट यांच्या कातडीवर दातासारखे बारीक खवले असतात, त्यातलाच एक वाढून, दोन्ही कडांना करवत घेऊन काटा झालेला. म्हणजे ‘पाकट चावलं’ म्हणणारा अगदीच खोटा ठरत नाही! तरी मी भाऊंच्या बाजूनं.

दुसरी गंमत ‘काटा’ या शब्दातच आहे. मासा खाताना आपण काटे काढतो ते हाडांचे. पाकटाला हाडं नसतात. सांगाडा सगळा कूर्चेचा, आपल्या कानाच्या पाळीच्या वर जो लवचीक भाग आहे ना, तशा. आत एकही हाडाचा काटा नाही आणि बाहेर एक असा की तो विसरता येत नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. आपण मराठीत ‘विषारी’ हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो. धोतऱ्याचं बी विषारी, म्हणजे खाल्लं तर मरण. नाग विषारी, म्हणजे टोचलं तर. पाकट दुसऱ्या प्रकारातलं. विष काट्याच्या खालच्या खोबणीतल्या पेशींत असतं, मांसात नाही. काटा घुसला की वरचं आवरण फाटतं आणि विष जखमेत उतरतं. त्यामुळे ‘विषारी मासा आवडीने खातात’ हे वाक्य खोटं नाही, फक्त अर्धवट आहे. ‘विषारी काट्याचा मासा’ लिहिलं असतं तर पोरगी उठलीच नसती.

दर्यापूरचा
उठली ते बरंच झालं. पण तो माणसाच्या अंगावर येतो का? मोबाईलवर पोट्टे तो ऑस्ट्रेलियातला प्राणिप्रेमी दाखवत राहतात, मगरीवाला.

अर्जुनीची, प्राणिशास्त्र शिकवते
स्टीव्ह अर्विन. सप्टेंबर 2006, क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापाशी, काटा थेट छातीत गेला. असं क्वचितच घडतं. पाकट एरवी वाळू अंगावर ओढून पडून असतं, नुसते डोळे आणि डोळ्यांमागची दोन भोकं बाहेर. तोंड खाली वाळूत, म्हणून श्वासाचं पाणी त्या भोकांतून आत घेतं. आपण न पाहता त्यावर पाय दिला की शेपूट उसळते. काट्याचा उपयोग शिकारीला नाही, स्वतःला वाचवायलाच. हातोडीच्या डोक्याचा शार्क मात्र पाकटं आवडीनं खातो.

माहेर मालवण, सासर पवनी
म्हणून आम्हाला आजोबा सांगायचे, उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. त्याला चाहूल लागते, ते निघून जातं. आणि लागलंच तर पाय सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात.

अर्जुनीची, प्राणिशास्त्र शिकवते
आजोबा बरोबर होते. हे विष प्रथिनांचं, उष्णतेनं निकामी होतं. साधारण 45 अंशांच्या आसपास पाणी हवं, भाजेल इतकं नाही. पण नंतर दवाखाना गाठायचाच, काट्याचा तुकडा आत राहतो आणि जखम चिघळते. छातीत किंवा पोटात घुसलेला काटा मात्र ओढून काढायचा नाही.

साकोलीकडचे गुरुजी
आणखी एक शब्द अडलाय. त्याच उताऱ्यात ‘दंशमीन सागरतळाचे जैविक मंथन करतो’ असं आहे. मंथन म्हटलं की पोरांना देव, दानव आणि वासुकी आठवतो. पाकट नेमकं करतं काय?

अर्जुनीची, प्राणिशास्त्र शिकवते
वाळूत दडलेले शिंपले, खेकडे, कोळंबी, किडे खातं. डोळे पाठीवर आणि तोंड पोटाकडे, म्हणजे खाणं डोळ्यांना दिसत नाही. तोंडाभोवती जेलीनं भरलेली बारीक छिद्रं असतात, त्यांनी लपलेल्या जिवाच्या शरीरातली क्षीण वीज कळते. मग पंख आपटून, तोंडानं पाण्याचा फवारा मारून वाळू उडवतं, खड्डा पाडतं, आणि शिंपला चपट्या दातांनी फोडतं. खालची माती वर येते, आत प्राणवायू पोचतो, खड्ड्यात कुजका पाला साचतो, त्यावर दुसरे जीव येतात.

दर्यापूरचा
मग ही डवरणी झाली! कपाशीत डवरा फिरला की माती भुसभुशीत, हवा खेळती. ‘पाकट समुद्राच्या तळाला डवरा मारतं’ लिहा, सारी पोरं समजतील.

नवेगावबांधचे भाऊ
नाई पटत. डवरा ओळीतून चालते, पीक वाचवून. हे त जिथं खाणं तिथं खड्डा. रानडुक्कर धुऱ्यावर करते तसं. त्याले ‘उकरणं’ म्हणतेत.

साकोलीकडचे गुरुजी
भाऊ, पुन्हा तुमचंच मत चालणार. डवऱ्यामागे माणूस असतो, त्याचा हेतू असतो. उकरणाऱ्याला फक्त भूक असते. पण दर्यापूरकर, तुमचं शेत मी वाया जाऊ देत नाही. नांगरामागे बगळे चालतात ना, किडे वेचत? ताई, तसं काही तिथं होतं का?

अर्जुनीची, प्राणिशास्त्र शिकवते
अगदी तसंच. पाकट उकरायला लागलं की लहान मासे मागोमाग फिरतात, उडालेल्या गाळातलं टिपायला.

साकोलीकडचे गुरुजी
आज फळ्यावर लिहिलं: ‘पाकट वाळू उकरून शिंपले खाते. त्याच्या मागे लहान मासे फिरतात, नांगरामागे बगळे फिरावेत तसे. पाय पडला तर ते शेपटीने विषारी काटा मारते. त्याचे मांस खातात.’

पोरगी पुन्हा उठली. ‘काटा मोडला तं पाकट मरते का जी?’

अर्जुनीची, प्राणिशास्त्र शिकवते
नाही मरत. काटा झडतो आणि नवा येतो. कधी कधी जुना पडायच्या आधीच नवा उगवलेला असतो, म्हणून एका शेपटीवर दोन काटेही दिसतात. तिला सांगा, दुधाचे दात पडतात तसं.

माहेर मालवण, सासर पवनी
दिवाळीत माहेरी जातेय. सुकी वागळी आणीन थोडी वर्गासाठी. भाऊ, तुम्हालाही. वास मात्र सोसावा लागेल.

नवेगावबांधचे भाऊ
आणा जी. वासाचं आमाले नका सांगू.