दोन लेयरचा बोर्ड: एजीएनडी (ॲनालॉग ग्राउंड) आणि डीजीएनडी (डिजिटल ग्राउंड) वेगळे ठेवायचे की एकच प्लेन (तांब्याचा सलग थर)?

तांबंपितळ
बोर्ड ८० × ६० मिमी, जाडी १.६ मिमी, दोन लेयर, तांबं ३५ मायक्रॉन. वर ४८ पायांचा एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर (एमसीयू), १२ व्होल्टचे ३.३ करणारा बक, २ अँपिअरच्या डीसी मोटरचा ड्रायव्हर (पीडब्ल्यूएम, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा सिग्नल, २० किलोहर्ट्झ) आणि प्रेशर सेन्सरचा एक ॲनालॉग इनपुट. खालच्या लेयरवर ग्राउंडचे दोन तुकडे आहेत, मध्ये १ मिमी फट, आणि दोन्ही एका फेराइट बीडने जोडलेत. मोटर बंद असताना एडीसी (ॲनालॉग व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) २-३ काउंट हलतो, चालू केली की २०-२५. फट आणखी रुंद करू का? शिवाय वरच्या लेयरवरही ग्राउंड पोअर करावा (रिकाम्या जागेत ग्राउंडचं तांबं भरावं) का?

लूप_छोटा
फट बुजवा, बीड काढा. आधी एक सांगा: पीडब्ल्यूएमचे ट्रेस (तांब्याच्या वाटा) त्या फटीवरून जातात का? एमसीयू एका तुकड्यावर आणि ड्रायव्हर दुसऱ्यावर असेल तर जाणारच. अशा ट्रेसचा परतीचा करंट एरवी बरोबर ट्रेसच्या खालून येतो. फट आडवी आली की तो वळसा घालून बीडपर्यंत जातो, लूप मोठा होतो. आणि बीडचं काम उच्च फ्रिक्वेन्सी अडवायचं, म्हणजे जो करंट विनासायास परत यायला हवा त्यालाच तो अडवतो. मग दोन ग्राउंडमध्ये व्होल्टेजचा फरक उभा राहतो आणि एडीसीला तोच दिसतो. बीड हवाच असेल तर व्हीडीडीएच्या (एमसीयूच्या ॲनालॉग भागाच्या पुरवठ्याच्या) वाटेवर घाला: ९ नंबरच्या पायाशी १ मायक्रोफॅरॅड आणि १० नॅनोफॅरॅड, आणि ८ नंबरचा व्हीएसएसए (त्याच भागाचं ग्राउंड) थेट व्हायाने (दोन लेयर जोडणाऱ्या भोकाने) प्लेनला.

जुना_सोल्डर
सरसकट असं म्हणू नका. ऑडिओत स्टार ग्राउंड (सगळी ग्राउंड एकाच बिंदूला जोडणं) चालतंच की. मोटरचे २ अँपिअर ॲनालॉगच्या ग्राउंडमधून वाहू नयेत म्हणून तर ती फट असते.

लूप_छोटा
@जुना_सोल्डर हेतू बरोबर आहे, पण तो जागा ठरवून साधतो, फट पाडून नाही. हिशोब बघा. ३५ मायक्रॉन तांब्याच्या चौरसाचा रोध साधारण अर्धा मिलिओहम, चौरस लहान असो की मोठा. करंट बोर्डाच्या ८० मिमी लांबीभर, पूर्ण ६० मिमी रुंदीतून गेला तर दीड चौरससुद्धा भरत नाही: २ अँपिअरला दीड मिलिव्होल्टच्या आत. हाच करंट ६ मिमी रुंद, ६० मिमी लांब पट्टीतून गेला की १० चौरस, म्हणजे १० मिलिव्होल्ट. ३.३ व्होल्टला १२ बिटचा एक काउंट ०.८ मिलिव्होल्ट, तेव्हा १२ काउंट इथेच गेले. फटी आणि लांब ट्रेस प्लेनच्या नेमक्या अशा पट्ट्या करून ठेवतात.

२० किलोहर्ट्झला करंट ट्रेसखाली नीट चिकटून राहत नाही, प्लेनभर पसरतो, हेही खरं. म्हणून १२ व्होल्टचा कनेक्टर, ड्रायव्हर, त्याचा मोठा कपॅसिटर आणि मोटरचा कनेक्टर एकाच कडेला शेजारी-शेजारी ठेवा. सेन्सरचा कनेक्टर आणि एमसीयूची ८-९ पायांची बाजू समोरच्या कडेला. मोटरच्या करंटला ॲनालॉगकडे फिरकायचं कारणच उरत नाही.

ऑप्टो किंवा आयसोलेटर लावून ग्राउंड खरोखर तोडलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फट हवीच, आणि तिच्यावरून एकही ट्रेस नको.

व्हाया०३
वरच्या पोअरबद्दल: आधी खालचा प्लेन अखंड करा, वरचा पोअर नंतरची गोष्ट. सगळे ट्रेस वर. अगदीच अडलं तर खाली ५-६ मिमीची उडी, की लगेच वर. खाली तीन ट्रेस समांतर न्यायची वेळ आली तर त्यांच्यामध्ये जागा सोडा, म्हणजे मधून तांबं वाहतं राहील.

प्रत्येक ग्राउंड पॅडला स्वतःचा व्हाया, पॅडला लागूनच. ०.३ मिमी भोकाचा व्हाया १.६ मिमी बोर्डात सव्वा नॅनोहेन्रीच्या आसपास भरतो. ट्रेस दर मिमीला जवळपास १ नॅनोहेन्री वाढवतो. १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर १० मिमी दूर ठेवला तर तो असून नसल्यासारखा. बकचा इनपुट कपॅसिटर आयसीच्याच बाजूला, पायांना खेटून, खाली अखंड तांबं.

एवढं झाल्यावर वर पोअर करायला हरकत नाही, पण दर ७-१० मिमीला व्हाया मारून खाली जोडा. व्हाया नसलेलं बेट म्हणजे आवाज पकडणारा पत्रा. कायकॅडमध्ये (बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये) अशी बेटं 'नेहमी काढा' ठेवा.

आणि हेडरखाली (पिनांच्या रांगेच्या कनेक्टरखाली) जरूर बघा. २.५४ मिमीचा हेडर, पॅड १.७ मिमी, म्हणजे दोन पॅडमध्ये ०.८४ मिमी जागा. झोनचा (पोअरचा) क्लिअरन्स, म्हणजे पॅडपासून सोडायचं अंतर, ०.५ असला तर तिथे तांबं शिरतच नाही, आणि २० पायांच्या रांगेखाली जवळजवळ ५० मिमीची फट तयार होते. डीआरसी (सॉफ्टवेअरची नियम-तपासणी) चकार शब्द काढत नाही. क्लिअरन्स ०.२ करा, मध्ये ०.४४ मिमीची पट्टी राहते.

तांबंपितळ
चार पीडब्ल्यूएम ट्रेस फटीवरूनच जात होते, आणि हेडरखालीही तांबं नाही. नवीन बोर्ड मागवण्याआधी दोष ग्राउंडचाच आहे हे याच बोर्डवर तपासता येईल?

लूप_छोटा
येईल. सेन्सर एमसीयूच्या पायापासून सोडवा. ८ आणि ९ नंबरच्या पायांमध्ये १ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावा, मधला बिंदू एडीसीच्या पायाला, तिथून व्हीएसएसएला १०० नॅनोफॅरॅड. वायर अगदी आखूड. मोटर चालू करा. आकडा २०४८ च्या आसपास शांत राहिला तर एमसीयूकडचा भाग ठीक आहे, दोष सेन्सरच्या ग्राउंडच्या वाटेत. तरीही उड्या मारत असेल तर व्हीडीडीए-व्हीएसएसए बघा. मग बीडवर जाड वायरचा तुकडा सोल्डर करून पुन्हा तपासा. स्कोप लावलात तर प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून स्प्रिंग लावा, नाहीतर क्लिपचाच लूप मोजत बसाल.

व्हाया०३
नवीन बोर्डात ड्रायव्हरच्या पोटाखालच्या पॅडला थर्मल रिलीफ (प्लेनला फक्त बारीक पट्ट्यांनी जोडणं) नको, थेट तांबं आणि ९-१२ व्हाया. हेडर-कनेक्टरच्या ग्राउंड पायांना मात्र रिलीफ ठेवा, नाहीतर सोल्डरिंग आयर्नची उष्णता प्लेन ओढून घेतो आणि सोल्डर कच्चा राहतो.