मार्चच्या आत लाल होईल असा टोमॅटो कोणता लावू?

गॅलरीवाली_मुलुंड:
चौथा मजला, पूर्वेची गॅलरी, ऊन साडेअकरापर्यंत. मागच्या वर्षी दिवाळीनंतर बाजारच्याच टोमॅटोच्या बिया टाकल्या, झाडं कमरेएवढी झाली पण फुलं यायला फेब्रुवारी संपला आणि बहुतेक सगळी देठासकट गळली. दोनच टोमॅटो धरले, ते पण पिवळट केशरी होऊन अडकले. सासूबाई रोज विचारायच्या, पिकला का गं? शेवटी चटणी केली. यंदा कोणतं वाण घेऊ? आणि कधी पिकणार याचा काही हिशोब असतो का?

कुंडीबाज:
ताई, झाडाची चूक नाही, उशीर झाला. दिवसा तापमान 35 अंशांच्या वर आणि रात्री 22-23 च्या खाली येतच नसेल तर फूल गळतं, आणि 30 च्या पुढे लाल रंगच नीट धरत नाही म्हणून ते केशरी. आपल्याकडे गार रात्री म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीचा अर्धा, त्यामुळे डिसेंबरला झाडावर फूल हवंच. सप्टेंबरअखेर छज्जाखाली बी टाका (उघड्यावर नको, पावसात रोपं बुडाशी कुजून आडवी होतात), ऑक्टोबरअखेर मोठ्या कुंडीत. बाजारचे बहुतेक हायब्रीड असतात, त्यांच्या बियांतून काय निघेल सांगता येत नाही. तुमच्या ऊनाला चेरी टोमॅटो बेस्ट. हौसेला एक पुसा रुबी, लवकर येतो आणि बी पण धरता येतं. अर्का रक्षक पानं वळण्याच्या रोगाला दाद देत नाही, पण वेळ घेतो, फळ 90-100 ग्रॅमचं, एवढ्याशा ऊनात नको. आणि बियांच्या पाकिटावरचे फळ यायचे दिवस बहुधा रोप लावल्यापासूनचे असतात हां, मी दोन वर्षं बी टाकल्यापासून मोजत बसलो होतो.

डोंबिवलीचा_माळी:
हिशोब फुलापासून धरा. घोसातलं पहिलं फूल उमललं की मी देठाला लोकरीचा तुकडा बांधतो, दर आठवड्याला वेगळा रंग, आणि तारीख कॅलेंडरवर. माझ्याकडे चेरीला 40 दिवस लागले, रुबीला 50 च्या आसपास. फुलं आली की सकाळी झाडाच्या आधाराच्या काठीला टिचकी मारा म्हणजे पराग झडून फळ धरतं, बंद गॅलरीत वारा कुठला.

कुंडीबाज:
आणि फळाच्या बुडाला नखाएवढा गुलाबी डाग दिसला की सरळ तोडा, फ्रिजमध्ये नको, ओट्यावर टोपलीत, चार-पाच दिवसांत लाल. झाडावर ठेवलात तर बुलबुल तुमच्या आधी खाणार.

डोंबिवलीचा_माळी:
छे, झाडावर पिकलेल्याची मजा वेगळी. मी जुन्या ओढणीची पिशवी बांधतो घोसाला.

गॅलरीवाली_मुलुंड:
थँक्यू दोघांना! चार चेरी, एक रुबी ठरलं. सासूबाईंकडे लोकर मागितली तर विचारतायत, स्वेटर कोणाचा?