मदत हवी आहे: सातवी ते दहावीच्या मुलांचा विश्वास वाढावा म्हणून नक्की काय करायचं?

पिंपरीची_ताई

सलाम सगळ्यांना,

पिंपरी-चिंचवडकडच्या एका छोट्या मराठी चर्चमध्ये मी शब्बाथ शाळा (रविवारची मुलांची बायबल शाळा) घेते. आत्तापर्यंत माझ्याकडे लहान पोरं असायची, कृतिगीतं, दावीद-गल्याथ, नोहाचं तारू, सगळं मजेत चालायचं. यंदा जूनपासून पाळकसाहेबांनी मोठ्यांचा वर्ग माझ्या गळ्यात घातलाय, म्हणजे सातवी ते दहावी. ही मुलं खरं तर आमच्याकडे कुणाचीच नाहीत, शब्बाथ शाळेला मोठी झाली आणि तरुण संघाला लहान पडतात, मग उपासनेच्या वेळी मागच्या बाकावर बसून मोबाईल नाहीतर गेटपाशी उभी.

त्यांना काही येत नाही असं नाही हां. बायबलच्या वचन पाठांतरात डायोसिसपर्यंत (धर्मप्रांताच्या पातळीपर्यंत) जाऊन बक्षिसं आणलेली मुलं आहेत. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर येशू, प्रार्थना किंवा बायबल वाचन यापैकी एक येणार हे त्यांनाही माहितीये आणि मलाही. पण मागच्या रविवारी पुस्तक बाजूला ठेवून नुसतं विचारलं की तुमच्या डोक्यात काय चालू असतं, तर आठवीतली एक मुलगी म्हणाली, आजी आजारी होती तेव्हा आम्ही सगळ्यांनी उपास केला प्रार्थना केली तरी ती गेली, मग आमची प्रार्थना चुकली का. सगळे गप्प. मग एकाने विचारलं ढोल पथकात गेलं तर पाप लागतं का, कारण मम्मी म्हणते लागतं आणि त्याचे सगळे मित्र तिथेच आहेत. आणि तिसरा, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला शाळेत पोरं चिडवतात, तू ख्रिश्चन ना मग इंग्लिश का येत नाही, आडनाव तर आमच्यासारखंच आहे, तुझ्या पणजोबाने गव्हाच्या पोत्यासाठी धर्म सोडला म्हणे.

मी म्हटलं यावर नीट बोलू, आणि आता इथे लिहितेय.

अडचणी सांगते. वेळ पाऊण तास. खोली चर्चच्या मागची, पंखा चालला तर चालला. बरीचशी इंग्लिश मीडियमची, मराठी बायबल वाचताना जोडाक्षरांवर अडकतात आणि मग लाजून वाचतच नाहीत. दहावीवाल्यांचा क्लास रविवारी सकाळीच असतो. कमिटीतले एकजण म्हणतात गिटार आणि प्रोजेक्टर घ्या, मुलं आपोआप येतील. मला ते पटत नाहीये, पण माझ्याकडे दुसरं काही आहे का, तर तेही नाही. कुणी या वयाबरोबर काम केलंय का?

निवृत्त_मास्तर_नगर

ताई, सलाम. तुमच्या वर्गात अडचण आहे असं मला वाटतच नाही, पोरांनी खरे प्रश्न विचारले म्हणजे तुमच्यावर विश्वास टाकला. बायबलमधल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायात येशू १२ वर्षांचा आहे, मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकतोय आणि त्यांना प्रश्न विचारतोय. येशूचं त्या वयाचं बायबलमधलं चित्र तेवढं एकच आणि त्यात तो प्रश्न विचारताना दिसतो.

गव्हाच्या पोत्याचं थोडं लांबून सांगतो. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. ज्ञानोदय हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं १८४२ ला, ते पण नगरहूनच. पुढे दुष्काळ पडले तेव्हा मिशनने लोकांना अन्न दिलं, काम दिलं, पोरकी मुलं सांभाळली, हे खरंच आहे, ते नाकारायला जाऊ नका. लाजायचं काय त्यात? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती, म्हणजे त्यांचं निराधार बायका-मुलींचं आश्रयस्थान, त्यातूनच वाढलं. आणि गावकुसाबाहेरच्या पुष्कळ लोकांना तिथे पहिल्यांदा शाळा मिळाली, माणूस म्हणून बसायला जागा मिळाली, हे कारण काय कमी आहे का. आडनावाचं तर सोपं आहे, धर्म बदलला म्हणून कुळ, गाव, भाषा बदलत नाही.

पण हे भाषण तुम्ही देऊ नका (माझी जुनी खोड, मी देतो). प्रत्येकाला आजी-आजोबांकडे पाठवा, आपल्या घरात ख्रिस्ताचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं, का घेतलं, तेव्हा भावकीने काय केलं, हे मोबाईलवर रेकॉर्ड करून आणायला सांगा. वाळीत टाकलेले, विहिरीवर पाणी बंद केलेले किस्से निघतात. काही घरांत काहीच निघत नाही, तेही चालेल.

आणि मुलांना लक्ष्मीबाई टिळकांचं सांगाच. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं त्या रडल्या, भांडल्या, सोवळं-ओवळं पाळलं, मग हळूहळू स्वतःच्या वाटेने आल्या. नवरा एवढा मोठा कवी, तरी त्याचा विश्वास बायकोच्या पदरात आपोआप पडला नाही. आईबापाचा मुलांच्या तरी कसा पडेल?

आशीर्वाद_मावशी

ढोल पथकाबद्दल स्पष्ट बोलते. मिरवणूक मूर्तीची असते, ढोल तिच्यापुढे वाजतो, यात चर्चा कसली? आज ढोल, उद्या आरती, परवा प्रसाद. या वयात ढिल दिली की मुलं हातातून जातात, मी पाहिलंय. उपास-प्रार्थना वाढवा, शुक्रवारची घरसभा सुरू करा.

वसईकर

मावशी, तुमची काळजी कळते पण नुसतं नाही म्हटलं तर मुलगा घरी न सांगता जाईल, मग काय? बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ आणि १० हे अध्याय बरोबर याच पेचावर आहेत. पौल एकीकडे म्हणतो मूर्तीच्या पंक्तीत बसू नका, आणि दुसरीकडे म्हणतो कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, उगाच चौकशी करत बसू नका, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्यासाठी म्हणून खाऊ नका. म्हणजे मित्राच्या घरचं जेवण, पूजेतला सहभाग आणि समोरच्यावर होणारा परिणाम हे तीन वेगळे मुद्दे झाले. ताई, वर्गाचे दोन गट करा, दोन्ही अध्याय त्यांच्या हातात द्या आणि भांडू द्या अर्धा तास. माझं मत विचाराल तर मिरवणुकीत वाजवू नये, पण मित्राच्या घरी मोदक खाऊन आलेल्या पोराला चर्चमध्ये उभं करून झापूही नये.

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे याच वयाच्या आसपास दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीची) तयारी असते, त्यामुळे निदान एक निमित्त तरी मिळतं. पण माझ्या पॅरिशमध्ये मुलं टिकतात ती काम दिलं म्हणून. मिस्सेत (आमच्या उपासनेत) वाचन, वेदीपाशी मदत, नाताळचा गोठा, आजारी म्हाताऱ्यांना रविवारी भेटून येणं. गोठ्याच्या वेळी तर रात्री हाकलून घरी पाठवावं लागतं. वाचन देणार असाल तर आठवडाभर आधी द्या, जोडाक्षरांची भीती तयारीने जाते.

एकोणीस_चालू

मी काही टीचर वगैरे नाही, तुमच्या मागच्या बाकावर बसायचो तोच प्रकार, आता कॉलेजला आहे म्हणून लिहितो. गिटार नका घेऊ प्लीज. म्हणजे घ्या पण ती उत्तर नाहीये, आमच्या इथे स्क्रीन, ड्रमसेट सगळं होतं आणि माझी अख्खी बॅच गेली, कारण कुणी आमच्याशी बोलायचंच नाही, फक्त आमच्याकडून गाऊन घ्यायचे. मी राहिलो ते एका अंकलमुळे. त्यांना मी विचारलं होतं की बायबलच्या उत्पत्तीत सहा दिवस आणि सायन्सच्या पुस्तकात करोडो वर्षं, खरं काय, तर ते म्हणाले मला पूर्ण कळलेलं नाही, चल दोघं मिळून वाचू, आणि त्यांनीच सांगितलं की वाटाण्यावर प्रयोग करणारा मेंडेल मठातला साधू होता आणि बिग बँगची कल्पना मांडणाऱ्यांमध्ये जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता. उत्तर अजून नाही मिळालंय पूर्ण. पण प्रश्न विचारला म्हणून मी वाया गेलेला नाही हे कळलं.

एक करा, चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, नाव न लिहिता. तोंडी कुणीच विचारणार नाही असे प्रश्न येतात, मोबाईलवर काय बघतो, घरी पप्पा पितात, कुणी आवडतं, सगळं. आणि वर्गातलं बोलणं संध्याकाळी मम्मीच्या कानावर गेलं की खेळ खल्लास.

त्या आजीवाल्या मुलीला समजावत नका बसू. माझे आजोबा गेले तेव्हा लोक म्हणायचे देवाची योजना, मला भयंकर राग यायचा.

निवृत्त_मास्तर_नगर

पोराचं बरोबर आहे. तिला योहान ११ वाचायला द्या, मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार हे येशूला माहीत आहे तरी कबरेपाशी तो रडतो. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला, करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय १२. आणि स्तोत्र १३, तिथे तर दावीद देवाला विचारतो, कुठवर मला विसरणार? तिची प्रार्थना चुकली नव्हती एवढं मात्र स्पष्ट शब्दांत सांगा, ते संदिग्ध ठेवू नका.

शाळेतली_बाई

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते म्हणून एक महत्त्वाचं. वरच्या भावाने लिहिलं की बोलणं बाहेर जाऊ नये, पटतं, पण कुणी मारहाण, लैंगिक छळ किंवा जीव द्यायचं बोललं तर ते गुपित राहणार नाही हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक छळाची माहिती कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे, चर्च असलं तरी. वर्गात कायम दोन मोठी माणसं असू द्या, एकट्या मुलाला बंद खोलीत घेऊन प्रार्थना नको, रात्री उशिरा खासगी मेसेज नकोत. मुलांच्या मदतीचा चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हा नंबर भिंतीवर लावा.

पिंपरीची_ताई

किती लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभारी आहे. मावशी, तुम्हालाही, तुम्ही लिहिलंत तेच आमच्या अर्ध्या आया म्हणतात, त्यामुळे ती बाजू वर्गात मांडावीच लागेल.

आत्तापुरतं असं ठरवलंय की ठरलेलं पाठ्यपुस्तक थोडे महिने बाजूला ठेवून मार्क घ्यायचा, सगळ्यात छोटं शुभवर्तमान, १६ अध्याय, आणि येशू सतत कुठेतरी निघालेला असतो त्यामुळे कंटाळा येणार नाही. वाचन अडतं म्हणून आधी ॲपवर मराठी ऑडिओ ऐकवायचा, मग ज्याला ज्या भाषेत जमेल त्याने वाचायचं. डबा आजच आणला, मिठाईचा रिकामा. आमच्यातल्या एक नर्स सिस्टर दुसऱ्या मोठ्या म्हणून बसायला तयार झाल्यात. आजी-आजोबांचं रेकॉर्डिंग दिवाळीच्या सुट्टीत, कारण तेव्हा सगळे गावी जातात.

राहिले दहावीवाले. दोघांच्या घरून निरोप आलाय, मार्चनंतर बघू. यावर काही?

वसईकर

वेळच बदला. शनिवारी संध्याकाळी क्लास सुटल्यावर ठेवा, भुकेली असतात, वडापाव ठेवलात तर अभ्यासवाले पण येतात.

निवृत्त_मास्तर_नगर

आणि चिठ्ठी-फोन नको, घरी जाऊन या. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौल आधी आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो, पालकांना सोडून हे काम होत नाही. चहा घ्या, दहावीच्या तयारीचं विचारा, मार्कांसाठी प्रार्थना करा, मगच वर्गाचा विषय काढा. आठवड्यातला एक तास मागा, जास्त नको. मार्चनंतर म्हणणारे पुढे बारावीनंतर म्हणतात, नंतर पोरगं हॉस्टेलला.

पिंपरीची_ताई

शनिवार साडेसहा चालेल बहुतेक, खोली रिकामी असते का ते पाळकसाहेबांना विचारते. दोन्ही घरी या आठवड्यात सिस्टरना बरोबर घेऊन जाऊन येते, काय झालं ते इथेच कळवीन.